न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट व्हायचं तर काय शिकायचं, कुठे शिकायचं

मागच्या महिन्यात माझ्या मामेबहिणीचा फोन आला. बदलापूरला राहते, बीएससी केमिस्ट्रीचं शेवटचं वर्ष. म्हणाली, ताई तू ते न्यूक्लिअरमध्ये आहेस ना, मलाही तेच करायचंय, पण आई म्हणते केस जातील. मागून मामीचा आवाज येतच होता, "आणि लग्नाचं काय सांगायचं लोकांना, पोरगी किरणोत्सर्गात काम करते?" मी ११ वर्षं हे काम करतेय, केस शाबूत आहेत, लग्न झालंय, एक मुलगा आहे जो या क्षणी माझा चार्जर शोधतोय. पण तिला फोनवर जे तासभर सांगितलं ते लिहूनच ठेवावं म्हटलं, कारण दर वर्षी मे-जून आला की कोणा ना कोणाचा फोन येतोच.

आधी हे काम काय आहे ते नीट समजून घ्या, नाहीतर दुसऱ्याच कोर्सला पैसे भराल. एक्सरे आणि सीटीमध्ये किरण मशीनमधून निघतात आणि पेशंटमधून आरपार जातात. आमच्याकडे बरोबर उलटं. पेशंटला थोडंसं रेडिओॲक्टिव्ह औषध देतो, ते शरीरात जिथे जायचं तिथे जाऊन बसतं, मग किरण पेशंटमधून निघतात आणि मशीन फक्त बघत बसतं. म्हणून सीटी दाखवतं की अवयव दिसतो कसा, आणि आमचा स्कॅन दाखवतो की तो अवयव काम काय करतोय. किडनी जागेवर आहे पण गाळतेय का, हाडात कुठे गडबड सुरू झालीय का, हार्टच्या कुठल्या भिंतीला रक्त कमी पडतंय, कॅन्सर अजून कुठे पसरलाय. शिवाय थायरॉइडला आयोडीन-१३१, काही ट्यूमरना ल्युटेशियम-१७७, अशी ट्रीटमेंटही इथूनच होते. टेक्नॉलॉजिस्ट म्हणजे ते औषध बनवणारा, मोजणारा, बहुतेक ठिकाणी इंजेक्शनलाही मदत करणारा, स्कॅन काढणारा, आणि कचरा सांभाळणारा पण. रिपोर्ट डॉक्टर देतात. तुम्ही रिपोर्ट देत नाही, पेशंटच्या भावाने कितीही हात जोडले तरी देत नाही.

आता कोर्सचं. मुंबईत राहत असाल तर तुमचं नशीब जोरावर आहे, कारण या क्षेत्राचं भारतातलं माहेर इथेच आहे. बीएआरसीचं रेडिएशन मेडिसिन सेंटर, ज्याला सगळे आरएमसी म्हणतात, ते १९६३ साली सुरू झालं आणि ते ट्रॉम्बेला नाही, परळला आहे, टाटा हॉस्पिटलच्या ॲनेक्स इमारतीत. भारतातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन, म्हणजे रेडिओॲक्टिव्ह पदार्थ बनवणारं मशीन, २००२ मध्ये तिथेच चालू झाला. पूर्वी तिथे डीएमआरआयटी नावाचा डिप्लोमा होता, आमचे सिनियर लोक अजूनही "तू डीएमआरआयटी का?" असंच विचारतात, आता होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटच्या अंतर्गत न्यूक्लिअर मेडिसिन अँड मॉलिक्युलर इमेजिंग टेक्नॉलॉजीची एमएससी आहे. टाटाचा स्वतःचा फ्यूजन इमेजिंगमधला पीजी डिप्लोमा आहे, त्यात पेट-सीटीसारख्या (आमचा पेट स्कॅन अधिक सीटी) दोन मशीन जोडलेल्या इमेजिंगवर भर. मुंबईबाहेर जायची तयारी असेल तर दिल्लीचं एम्स आणि चंदिगडचं पीजीआय इथे एमएससी, आणि बारावीनंतर थेट बीएससी करायची असेल तर मणिपाल आणि पाँडिचेरीचं जिपमर. फॉर्म भरताना पात्रता, टक्केवारी, वयाची अट त्या त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाचा, कोणा दादाने चार वर्षांपूर्वी सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका. जागा सगळीकडे मोजक्या असतात, त्यामुळे एकाच ठिकाणी अर्ज करून देवाला नारळ बोलून बसू नका, तीन-चार ठिकाणी भरा.

आणि हे जाड अक्षरात लिहिलंय असं समजून वाचा: फी भरायच्या आधी त्या कोर्सने एईआरबीच्या अटी पूर्ण होतात का ते विचारा. एईआरबी म्हणजे ॲटॉमिक एनर्जी रेग्युलेटरी बोर्ड, ऑफिस अणुशक्तीनगरला, १९८३ पासून आहे, आणि देशात कुठेही न्यूक्लिअर मेडिसिन डिपार्टमेंट चालवायचं तर त्यांचं लायसन्स लागतं. लायसन्स हवं तर ठरलेल्या शिक्षणाचा टेक्नॉलॉजिस्ट लागतो, त्याचं नाव त्यांच्या ई-लोरा पोर्टलवर चढतं. तुमचं सर्टिफिकेट त्या अटीत बसत नसेल तर हॉस्पिटलला तुम्ही कितीही आवडलात तरी ते तुम्हाला टेक्नॉलॉजिस्ट म्हणून दाखवू शकत नाहीत, मग तुम्ही "असिस्टंट" म्हणून वर्षानुवर्षं ट्रॉली ढकलत राहणार. माझ्यासोबत एक मुलगा होता, हुशार, हाताला चपळ, एका खासगी क्लासवाल्यांकडून सहा महिन्यांचं काहीतरी सर्टिफिकेट घेऊन आलेला, दोन वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून कोर्स करावा लागला त्याला. एक्सरे-सीटी-एमआरआयचा डिप्लोमा म्हणजे न्यूक्लिअर मेडिसिन नव्हे हेही ध्यानात ठेवा, ते शेजारचं डिपार्टमेंट आहे, तिथला माणूस इथे आपोआप चालत नाही. २०२१ च्या अलाइड हेल्थकेअरच्या कायद्यात न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्टचं नाव आलंय, त्यामुळे राज्याच्या कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवरही लक्ष असू द्या.

हां, आता अभ्यास. इथे जरा बसते, कारण लोक चुकतात ते इथेच.

सगळे फिजिक्सला घाबरतात. बीएससी बायोवाली पोरं तर रडकुंडीला येतात. खरं सांगू, फिजिक्स लागतं पण बारावीच्या वर थोडंसंच, गामा किरण काय, फोटोइलेक्ट्रिक आणि कॉम्प्टन म्हणजे काय, क्रिस्टल चमकतो म्हणजे काय होतं. खरी परीक्षा आहे घड्याळाची. या धंद्यात तुमचं औषध हातात असतानाच संपत असतं. आंबा पिकतो, मग सडतो, तसं नाही, इथे सेकंदाला सेकंद कमी होतं आणि कोणासाठी थांबत नाही. टेक्नेशियम-९९एम, ज्यावर आमचं अर्धं डिपार्टमेंट चालतं, त्याची हाफ-लाइफ, म्हणजे निम्मं संपायला लागणारा वेळ, ६ तास. फ्लोरीन-१८, पेट स्कॅनवाला, ११० मिनिटं. गॅलियम-६८ तर ६८ मिनिटं. आयोडीन-१३१ आठ दिवस, ल्युटेशियम-१७७ साडेसहा दिवसांच्या जरा वर. हे आकडे तुम्हाला झोपेतून उठवून विचारले तरी यायला पाहिजेत, आमच्या सरांनी खरंच एकदा कॅन्टीनमध्ये घास तोंडात असताना विचारलं होतं.

पण पाठ असून उपयोग नाही, हातात बसायला हवं. मी काय करायचे सांगते. मी तेव्हा डोंबिवलीहून यायचे, घरातून निघून लॅबच्या दारात पोचेपर्यंत ११० मिनिटं लागायची, मोजली होती. म्हणजे माझा एका बाजूचा प्रवास बरोबर एक एफडीजी (फ्लोरीन-१८ लावलेलं पेटचं औषध) हाफ-लाइफ. लोकलमध्ये उभ्या उभ्या मी गणितं करायचे. सकाळी ७ ला १०० मिलिक्युरी (रेडिओॲक्टिव्हिटी मोजायचं माप) होतं, १० वाजून ४० मिनिटांनी किती? २२० मिनिटं झाली, म्हणजे दोन हाफ-लाइफ, १०० चे ५०, ५० चे २५. सोपं. मग जरा अवघड: बोन स्कॅनला ११ वाजता २० मिलिक्युरी टेक्नेशियम द्यायचंय, डोस ८ ला काढून ठेवतोय, तर ८ ला किती काढू? ३ तास म्हणजे अर्धी हाफ-लाइफ. अर्ध्या हाफ-लाइफला अर्ध्याचं अर्धं म्हणजे पाव भाग जातो असं वाटतं ना, तिथेच मार्क जातात. उरतं ०.७०७, म्हणून २० भागिले ०.७०७, साधारण २८.३ काढायचं. दादर येईपर्यंत असली तीन-चार होतात. मोबाईलवर ॲप आहेत यासाठी, डिपार्टमेंटमध्ये सॉफ्टवेअर पण आहे, पण सॉफ्टवेअरमध्ये वेळ चुकीची टाकली की ते बिचारं चुकीचंच उत्तर आत्मविश्वासाने देतं, ते चूक आहे हे तुमच्या डोक्याला दोन सेकंदांत कळायला हवं. आणि युनिट: १ मिलिक्युरी म्हणजे ३७ मेगाबेकेरेल. पुस्तकात बेकेरेल, परीक्षेत बेकेरेल, हॉट लॅबमध्ये, म्हणजे जिथे ही औषधं बनतात तिथे, सगळे मिलिक्युरीच बोलतात. दोन्ही यायला हवं.

मग जनरेटर. टेक्नेशियम इतकं लवकर संपतं तर रोज आणायचं कुठून? तर त्याचा बाप आणून ठेवतात. मॉलिब्डेनम-९९, हाफ-लाइफ ६६ तास, शिशाच्या डब्यात कॉलमवर बसवलेला, तो हळूहळू टेक्नेशियम तयार करत राहतो आणि आपण रोज सकाळी सलाइन सोडून ते काढून घेतो. याला मिल्किंगच म्हणतात, दूध काढणं. आमच्याकडचे एक जुने टेक्नॉलॉजिस्ट रोज सकाळी विचारायचे, "गाय दुहली का?" आणि गाय म्हटल्यावर एक गोष्ट आपोआप कळते, सोमवारी जितकं दूध देईल तितकं शुक्रवारी देणार नाही. सोमवारी सकाळी ५०० मिलिक्युरी निघालं तर शुक्रवारी त्याच वेळी १८० च्या आसपासच, कारण मधल्या ९६ तासांत बाप ३६ टक्क्यांवर आलाय. म्हणून जास्त डोसचे आणि जास्त पेशंट आठवड्याच्या सुरुवातीला लावायचे. अपॉइंटमेंटचं रजिस्टर आणि फिजिक्सचं पुस्तक एकच आहे हे मला नोकरीत आल्यावर कळलं, तुम्हाला आत्ताच सांगतेय. आपल्याकडे हे आयसोटोप वाशीच्या ब्रिटमधून येतात, बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी, काही परदेशातूनही. टेक्नेशियम हे निसर्गात जवळजवळ सापडतच नाही, १९३७ मध्ये पेरिये आणि सेग्रे या दोघांनी बर्कलेच्या सायक्लोट्रॉनमधून निघालेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात शोधलं, नावाचा अर्थच "कृत्रिम". इंटरव्ह्यूला हा प्रश्न लाडका आहे.

दूध काढलं की ते तपासायचं. त्यात बाप मॉलिब्डेनम आला तर नाही ना, याला मॉली ब्रेकथ्रू म्हणतात, मर्यादा प्रत्येक मिलिक्युरी टेक्नेशियममागे ०.१५ मायक्रोक्युरी. कॉलममधलं ॲल्युमिनियम आलं का, मर्यादा १० मायक्रोग्रॅम प्रति मिली. ही टेस्ट करायला पाच-दहा मिनिटं लागतात आणि घाईत लोक उद्यावर टाकतात. टाकू नका.

पुढे कोल्ड किट. छोट्या बाटलीत पावडर असते, त्यात टेक्नेशियम घातलं की औषध तयार. पावडरीत स्टॅनस क्लोराइड असतं, ते टेक्नेशियमला अशा अवस्थेत आणतं की ते औषधाला चिकटेल. हवा लागली की स्टॅनस खराब होतं, टेक्नेशियम मोकळंच राहतं. हे वाक्य मी परीक्षेत लिहून मार्क घेतले होते आणि तरी नोकरीच्या पहिल्या वर्षात एका ठिकाणी बाटलीत सिरिंजने दाबून हवा भरली, लक्षातच आलं नाही. तीन तासांनी बोन स्कॅन लावला तर हाडं फिकी आणि थायरॉइड, लाळग्रंथी, पोट दिवाळीसारखं लखलखतंय. मोकळं टेक्नेशियम तिथेच जातं. एक नाही, त्या बाटलीतले चार पेशंट. चौघांना पुन्हा बोलवावं लागलं, त्यातल्या एक आजी पालघरहून आलेल्या होत्या. त्या मला काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. तेव्हापासून मी क्रोमॅटोग्राफीची पट्टी (किती टेक्नेशियम मोकळं राहिलंय ते दाखवणारी) लावल्याशिवाय पहिला डोस सोडत नाही, बाहेर कितीही आरडाओरडा होऊ दे.

औषधं पाठ कशी करायची? यादी करून पाठ करू नका, विसराल. प्रत्येक औषधाला एकच प्रश्न विचारा: हे तिथे का जातं? एमडीपी हाडात का, कारण ते फॉस्फेटसारखं, नवीन हाड बनत असेल तिथे चिकटतं. डीटीपीए किडनी गाळून टाकते म्हणून गाळण्याचा वेग कळतो. डीएमएसए किडनीच्या सालीत अडकून बसतं म्हणून व्रण दिसतात. एमएएचे कण इतके मोठे की फुफ्फुसाच्या बारीक नळ्यांत अडकतात. सल्फर कोलॉइड लिव्हरच्या सफाई कामगार पेशी गिळतात. आयोडीन थायरॉइडला लागतंच. आणि एफडीजी म्हणजे ग्लुकोजचा जुळा भाऊ, पेशी साखर समजून आत घेते, एक पायरी पुढे नेते आणि मग तो पुढेही जात नाही, बाहेरही येत नाही, अडकतो. "का" कळलं की पेशंटची तयारी वेगळी पाठ करावी लागत नाही. एफडीजीला ६ तास उपाशी का? कारण खाल्लं तर इन्सुलिन वाढेल आणि सगळी साखर स्नायूंत जाईल. शुगर आधी का मोजतो? कारण रक्तातली साखर आणि आपली साखर यांची एकाच दारात धक्काबुक्की होते, साधारण २०० च्या वर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय इंजेक्ट करायचं नाही. इंजेक्शननंतर तासभर गप्प का बसवतो? कारण बडबड केली तर घशाचे स्नायू उजळतात. थंडीत पांघरूण का देतो? ब्राऊन फॅट नावाची चरबी अंग गरम ठेवायला साखर जाळते आणि मानेजवळ खोटे ठिपके दिसतात. एसी १८ वर ठेवणारे सिक्युरिटीवाले काका आणि मी, आमचं कायमचं भांडण आहे.

मशीनचा अभ्यास करताना क्वालिटी कंट्रोल कंटाळवाणं वाटेल, ते मनापासून करा. रोज सकाळी गामा कॅमेऱ्याचं युनिफॉर्मिटी बघायचं, कोबाल्ट-५७ ची चादर ठेवून सगळीकडे सारखं येतंय का. डोस कॅलिब्रेटर, म्हणजे डोस मोजायचं मशीन, सिझियम-१३७ ने तपासायचा, कालसारखंच दाखवतोय का. कॉलिमेटर, म्हणजे कॅमेऱ्यापुढची भोकाभोकांची शिशाची जाळी, बरोबर लावलाय का हे दोनदा बघायचं, टेक्नेशियमचे किरण १४० केईव्हीचे (केईव्ही म्हणजे किरणांच्या एनर्जीचं माप), आयोडीन-१३१ चे ३६४ चे. कमी एनर्जीचा कॉलिमेटर लावून आयोडीनचा स्कॅन घेतला तर किरण भिंती फोडून येतात आणि चित्रात चांदणी उमटते. आणि काउंट्सचं स्टॅटिस्टिक्स, एवढं एकच सूत्र पक्कं करा, चूक ही आकड्याच्या वर्गमुळाइतकी. १०० काउंट्सला चूक १०, म्हणजे १० टक्के. १०,००० ला १००, म्हणजे १ टक्का. म्हणून पेशंट "झालं का, झालं का" करत असला तरी स्कॅन मध्येच थांबवायचा नसतो.

आता मामीचा प्रश्न, केस आणि लग्न. नियमाप्रमाणे आम्हाला ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (अंगाला लागलेल्या डोसचं माप) चालतात, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. निसर्गातूनच जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला २.४ च्या आसपास मिळतात. नीट काम करणारा टेक्नॉलॉजिस्ट २० च्या खूप खाली राहतो, केस जायला लागणारा डोस तर यापासून कैक कोस लांब आहे. प्रेग्नंट असाल तर डिपार्टमेंटला लवकर सांगा, त्यानंतर बाळासाठी १ मिलिसिव्हर्टची मर्यादा लागू होते आणि काम बदलून मिळतं, मलाही मिळालं होतं, पाच महिने अपॉइंटमेंट आणि प्रोसेसिंग केलं. पण घाबरू नका म्हणजे निष्काळजी व्हा असं नाही. वेळ, अंतर, आडोसा, तीनच गोष्टी. अंतर दुप्पट केलं की डोस चौथाई, हे फुकट मिळतं, म्हणून चिमटा वापरा, सिरिंज बोटांनी धरून गप्पा मारू नका. आणि एक गैरसमज: एक्सरेवाल्यांचा शिशाचा एप्रन पेटमध्ये तुम्हाला वाचवत नाही. टेक्नेशियमला अर्धे किरण अडवायला शिसं ०.३ मिलिमीटरच्या आसपास पुरतं, पण पेटच्या ५११ केईव्हीला ४ मिलिमीटर लागतं. अर्धा मिलिमीटरचा एप्रन घालून तुम्ही फक्त हळू चालाल, म्हणजे जास्त वेळ तिथेच राहाल. टंगस्टनचं सिरिंज शील्ड आणि एल-बेंच (टेबलावरचा शिशाचा आडोसा) वापरा, आणि हात चालवायचा सराव करा. सराव साध्या सलाइनने करायचा, रंग घालून, घरी नाही, कोर्सच्या लॅबमध्ये. माझा पहिला डोस काढायला दीड मिनिट लागलं होतं, आता दहा सेकंद.

मुंबईचं एक खास सांगते. एफडीजी सायक्लोट्रॉनवरून गाडीने येतं. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरलं की तुमची हाफ-लाइफ पुलाखाली उभी असते. एका जुलैत आमची गाडी दोन तासांच्या जवळपास अडकली, सात पेशंट उपाशी बसलेले, त्यातले दोघे डायबेटिक. ८० मिलिक्युरी यायचं ते ४० झालं. तेव्हा काय करायचं हे कुठल्या पुस्तकात नाही, पण गणित हातात असलं की दोन मिनिटांत कळतं की किती जणांना पुरेल, स्कॅनचा वेळ किती वाढवला तर डॉक्टर कमी डोस मान्य करतील, आणि कोणाला आत्ताच खायला देऊन उद्याची तारीख द्यायची. आम्ही चार केले, तिघांना परत पाठवलं. ते सांगायलाही टेक्नॉलॉजिस्टच जातो, बरं का.

यावरून पेशंटशी बोलणं. यासाठी मार्क नसतात आणि नोकरीत अर्धा दिवस हेच असतं. परळला देशभरातून माणसं येतात, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून, कोणी फुटपाथवरच. हिंदी नीट हवी, बंगाली, भोजपुरी कानावर पडून पडून येते. "इसमें करंट देंगे क्या" हा रोजचा प्रश्न. "रेडिओॲक्टिव्ह" हा शब्द टाकून मोकळं व्हायचं नाही, समजावायचं की हे तपासायचं औषध आहे, इतकं थोडं आहे, लघवीतून निघून जातं, भरपूर पाणी प्या, आज लहान बाळाला मांडीवर घेऊन बसू नका. बोन स्कॅनच्या आधी बाथरूमला पाठवायचं, नाहीतर भरलेल्या ब्लॅडरमागे सगळं ओटीपोट लपतं, आणि कपड्यावर थेंब पडला तर तोच हाडातला डाग वाटू शकतो. हे सगळं एका घाबरलेल्या माणसाला लाज न वाटू देता सांगायचं असतं. जमत नसेल तर शिका, जमतं.

कोर्स चालू असताना क्लिनिकल पोस्टिंगला नुसतं मागे उभं राहू नका. एक वही करा, रोज पाच स्कॅन, काय दिलं, किती, किती वेळाने, काय दिसलं, काय चुकलं. "काय चुकलं" हा रकाना सगळ्यात कामाचा. हाय डोस आयोडीनच्या वॉर्डची पोस्टिंग मिळाली तर सोडू नका, ३० मिलिक्युरीच्या वर दिलं की पेशंट वेगळ्या खोलीत ठेवावा लागतो, त्याची लघवी डिले टँकमध्ये साठवून तिची रेडिओॲक्टिव्हिटी कमी होऊ देतात, हे सगळं प्रत्यक्ष बघितल्याशिवाय डोक्यात बसत नाही. कोर्सनंतर आरएसओची, म्हणजे रेडिएशन सेफ्टी ऑफिसरची पात्रता लगेच मिळवा, आळस करू नका. छोट्या हॉस्पिटलांना एकाच माणसात टेक्नॉलॉजिस्ट आणि आरएसओ हवा असतो, तिथे तुमचा भाव वाढतो. ती मान्यता त्या हॉस्पिटलपुरती आणि ठराविक मुदतीची असते, नोकरी बदलली की पुन्हा अर्ज.

पगाराचं विचारू नका असं म्हणणार नाही, विचाराच, पण सुरुवातीला मान खाली घालावी लागेल, तुमच्या आयटीतल्या मित्रांच्या निम्माही नसेल कदाचित. तीन-चार वर्षं आणि आरएसओ झालं की बरं होतं. सरकारी जागा कमी निघतात पण निघतात. गल्फला बरेच जण जातात, तिथे कागदपत्रांची डेटाफ्लो नावाच्या कंपनीकडून पडताळणी होते, म्हणून पहिल्या नोकरीपासूनचं प्रत्येक एक्स्पीरियन्स लेटर तारखांसकट, सही-शिक्क्यासकट घेऊन ठेवा. माझं एक पत्र मिळवायला आठ महिने गेले.

बहिणीने फॉर्म भरलाय. तिला इंटरव्ह्यूसाठी मी एवढंच सांगितलं की गायीचं गणित तोंडपाठ कर, "हेच क्षेत्र का" याला "समाजसेवा" असं उत्तर देऊ नको, पाच जणांनी आधीच दिलेलं असेल, त्यापेक्षा एखादं डिपार्टमेंट बघून ये आणि तिथे काय पाहिलं ते सांग. आणि पहिल्या दिवशी टीएलडी बॅज, म्हणजे तुला किती डोस लागला ते मोजणारा बिल्ला, मिळाला की तो छातीवर लाव, एप्रन घातला तर एप्रनच्या आत. संध्याकाळी कंट्रोल बॅजच्या (कोणी न वापरता तुलनेसाठी ठेवलेला बॅज) शेजारी ठेवूनच घरी जा, पर्समध्ये टाकून नाही, आणि कोटाला तसाच लावून धोबीकडे तर अजिबातच नाही. तीन महिन्यांनी रीडिंग येतं तेव्हा जास्त आलं तर लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि "बॅज हॉट लॅबच्या टेबलावर राहिला होता" हे वाक्य लिहिताना फार लाज वाटते, मी लिहिलंय.